आबांचा खोटा घाट

आबांना गाडी चालवता येत नव्हती. तरीही लोणावळ्यात कुणाचा मुलगा ट्रकवर लागणार म्हटलं, की त्याला आधी आबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये धाडत. उमेदीची वीस वर्षं त्यांनी ट्रकवर क्लीनर म्हणून काढली होती. बोरघाट त्यांनी ड्रायव्हरच्या शेजारी बसून, जीव मुठीत धरून पाहिला होता. तोच घाट त्यांनी शेडमध्ये बांधून ठेवला होता. तसा तो खेळच. यात्रेत नेला की लोक हौसेनं खेळायचे.

मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायची. कॅनव्हासच्या लांब पट्ट्यावर घाटाचा रस्ता रंगवून द्यायला आबांनी मलाच गाठलं. पट्टा दोन रुळांवर फिरायचा, त्यावर लाकडी ट्रक, हातात खरं स्टिअरिंग, पायाशी खरा ब्रेक. मी कडेनं हौसेनं फुलं काढली, तर आबा कातावले. "बाई, उतारावर फुलं बघाया कुनाला सवड हाय? वळन काडा, वळन."

वळण चुकलं की ट्रक दरीत पडायचा. पहिल्यांदा तो टपकन पडला आणि बघणारे हसले. आबांना ते हसू झोंबलं. आठ दिवस खटपट करून त्यांनी ट्रकला दोरी आणि वजन लावलं, तेव्हा तो सावकाश, कलंडत खाली जाऊ लागला. "मोठी गाडी लांबून अशीच जाताना दिसती. खेळ खोटा असंना, काळजात चर्र झालं पायजे," ते म्हणाले. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पण आबांचा खरा जीव होता ब्रेकमध्ये. उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला की तापतो आणि लागेनासा होतो. ते तापणं आबांनी चक्क पाण्यानं दाखवलं होतं! ब्रेक दाबला की एका डब्याचं भोक उघडायचं आणि पाणी गळायचं. डबा रिकामा झाला की ब्रेक संपला. पाय उचलला की वरच्या घागरीतून डबा पुन्हा भरू लागायचा. "दाब, सोड. दाब, सोड," असं आबा मागे उभे राहून म्हणत असायचे.

आमच्या ह्यांची तेव्हा नोकरी सुटली होती आणि त्यांनी ट्रक शिकायचं डोक्यात घेतलं होतं. खरी गाडी ते तळेगावच्या सपाट रस्त्यावर शिकत, आणि रोज संध्याकाळी आबांच्या घाटात पडत. घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून निजायचे. मला ते बघवेना. एक दिवस मी आबांना गळ घातली, "थोडे दिवस सोपं करा ना. त्यांना धीर येईल."

आबांनी आधी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी डब्याच्या भोकात मेण भरलं. "लायसनपुरतं हां, बाई. मग काडायचं."

आता ब्रेक कधीच दगा देईना. हे शीळ घालत घाट उतरू लागले. लायसन मिळालं, कामही मिळालं, आणि त्या आनंदात मेण काढायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं.

देहूरोडहून लोखंड भरून त्यांची पहिली खेप खोपोलीला निघाली, त्या दुपारी आबा शाळेच्या दारात उभे. हातात सायकल, धाप लागलेली.

"बाई, मेन काडायचं ऱ्हायलं."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, ब्रेक सोडायला हे कधी शिकलेच नव्हते.

"गेला का त्यो?"

"आत्ताच पुढे गेले. मुलांनी हात केला."

"घाटाच्या तोंडाशी नारळ फोडाया थांबंल. पयल्या खेपंला समदे थांबत्यात." एवढं बोलून त्यांनी सायकलवर टांग टाकली.

त्या तासाला एका मुलीनं वहीत ट्रक काढला होता. मी सही न करताच पुढे गेले. शाळा सुटल्यावर नाक्यावर जाऊन उभी राहिले. घाट चढून येणाऱ्या ड्रायव्हरांना काही विचारायचा धीर होईना. खाली काही झालं असतं तर ते त्यांनीच आधी सांगितलं असतं. ज्यांचे लाड केले त्यांनाच दरीत लोटलं मी, एवढंच मनात घोळत होतं.

दिवेलागणीला एका ट्रकमधून आबा उतरले. एकटेच. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी लगेच सांगितलं, "पोचला. माल उतरवतोय." मग तिथल्याच दगडावर बसले.

नारळ फोडून हे गाडीत चढत असताना आबांनी गाठलं होतं. 'खोपोलीला पावन्याकडं जायाचंय' म्हणून ते शेजारी बसले. तिसऱ्या वळणाला जळका वास आला, ब्रेक लागेनासा झाला, आणि ह्यांनी जीव खाऊन तो आणखी दाबला. आबांना गाडी थोडीच आवरता येत होती! त्यांनी दोन्ही हातांनी ह्यांचा गुडघा धरून वर ओढला. "सोड म्हनलं! खालचा गेर टाक!" इंजिन कण्हलं आणि गाडी कठड्याच्या अलीकडे हातात आली.

"त्याला मेनाचं सांगू नगा," आबा मला म्हणाले. "बायकूनं घात केला असं त्याच्या मनात याया नगं." मी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी आबांनी मेण खरवडून काढलं. पुढे एका यात्रेत कुणी म्हणालं, घाट सोपा करा, गर्दी वाढेल. आबांनी त्याला हाकलूनच दिलं. गर्दी आटत गेली, शेड बंद पडली, आणि एका हिवाळ्यात आबाही गेले. जाण्याआधी तो डबा त्यांनी मला दिला. मी तो माळ्यावर, कुणाला दिसणार नाही असा ठेवला. ह्यांनी त्यानंतर तीस वर्षं घाट उतरला, एकही ओरखडा न येता.

परवा नातू कॉम्प्युटरवर गाडीचा खेळ खेळत होता. डोंगरातला रस्ता, भरधाव गाडी, आणि कितीही दाबला तरी ब्रेक लागतोच. त्यानं आजोबांनाही खेळायला बसवलं. हे दोन-तीन वळणं उतरले. टेबलाखाली ब्रेक नव्हताच, तरी त्यांचा उजवा पाय दाबत होता, सोडत होता. मग त्यांनी हात काढून घेतले आणि माझ्याकडे न बघता, आबांच्याच बोलीत म्हणाले,

"ह्यातबी कुनीतरी मेन लावलंय."