घोळक्यातला आवाज

तेलंगणात, गुडीहत्नूरच्या पुढं एका खेड्यातल्या मराठी शाळेत मी सातवीला शिकवत होते. वर्गात एक तोतरी मुलगी होती. उभी केली की पहिल्याच अक्षरावर अडायची, आणि मागची पोरं तेच अक्षर तिच्यासारखं म्हणून चिडवायची. पुढं पुढं तिनं तोंड उघडणंच सोडलं.

म्हणून मी गाणं सुरू केलं. देवळातून ढोलकी आणि झांजा मागून आणल्या. शेवटच्या तासाला सगळी मुलं कडुलिंबाखाली बसायची आणि घरी आईकडून ऐकलेली गाणी म्हणायची. एकट्यानं कुणी म्हणायचं नाही, एवढाच नियम. ती मुलगी आधी नुसती झांज वाजवायची. मग एके दिवशी मला तिचा आवाज ऐकू आला, मोकळा, कुठंही न अडखळणारा. गाताना तिची जीभ अडतच नव्हती.

झेंडावंदनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर घोळक्यातून तिनंच गाणं उचललं. तिची आई माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, हे माहीच पोरगी व्हय का?" मला वाटलं, जमलं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मुलं मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी तेलुगू शाळेत गेली आणि वेगवेगळ्या वर्गांत विखुरली. दिवाळीनंतर कळलं, ही शाळेत जात नाही. मी तिच्या शेतात गेले. ती कापूस वेचत होती.

"काऊन सोडली गं शाळा?"

हातातला कापूस तिनं ओट्यात टाकला. मग अडखळत म्हणाली, "ति... तिथं एकटीलेच उभं करतेत, मॅडम. तेलुगूत नाव सांग म्हनतेत. समदे हासतेत."

"आपण गात होतो तेव्हा भीती वाटत होती का?"

"तवा समदे संगं होते ना."

मी त्या शाळेच्या हेडमास्तरांना जाऊन भेटले. माणूस वाईट नव्हता. "पोर्शनच पुरा होत नाही, मॅडम, गाण्याला वेळ कुठून आणू?" म्हणाले. मग जुन्या मुलांना रविवारी आमच्या शाळेत बोलावलं. सुगीचे दिवस, सगळी वेचणीला गेलेली. ढोलकी घेऊन मी दुपारपर्यंत थांबले. कुणीच आलं नाही. शाळेत पुन्हा जा, असं तिला आणखी दोनदा सांगून पाहिलं. ती मान हलवायची आणि जायची नाही.

ती अठराची झाल्यावर तिला बघायला पाहुणे आले. तिच्या आईनं मलाही बोलावलं होतं. चहाचा ट्रे धरून ती उभी राहिली. मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं. तिचे ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, आणि तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मावशीनंच नाव सांगून टाकलं. शिक्षणही मावशीनंच सांगितलं. ती खाली बघत राहिली.

पाहुण्यांना ते आवडलं. जाताना म्हणाले, "पोरगी शांत हाये. आमाले अशीच पायजे होती."