डोंगरातलं बोलावणं

देहसंगी गावामागच्या डोंगराच्या पोटात क्षेपणास्त्रं ठेवली आहेत, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याला ते माहीत नाही, हे लहान पोरंसुद्धा न अडखळता सांगत. बरातअलीचं दुखणं निराळं होतं. चाळीस वर्षं त्याने जमिनीखालून पाण्याचे पाट खणले. मागे ठेवलेल्या दोन दिव्यांच्या ज्योती एका रेषेत धरून अंधारात कोसभर सरळ जाणारा दुसरा माणूस त्या मुलखात नव्हता. आणि डोंगरातून बोलावणं आलं ते शीरमोहम्मदला! त्याच्याच जुन्या चेल्याला! सरळ खण म्हटलं की डावीकडे जाणाऱ्याला!

चार वर्षं सरकारी गाडी शीरमोहम्मदच्या दारात येत होती. चहाच्या दुकानात कुणी विचारलं, की तो छातीवर हात ठेवून म्हणे, "माफ करा, सांगता येत नाही." एवढ्या भांडवलावर त्याच्या मुलीला तेहरानचं स्थळ आलं.

"तुम्हाला काय कमी आहे हो?" बरातअलीची बायको तूबा विचारायची.

"सांगता येणार नाही असं माझ्याकडे काही नाही. तेच कमी आहे."

त्या वसंतात गावच्या पाटाचं पाणी निम्म्यावर आलं. डाळिंबाच्या बागा माना टाकू लागल्या. आणि तिसऱ्या दिवशी गाडी थांबली ती बरातअलीच्या दारात. त्याने कामाचे पांढरे कपडे चढवले. माती अंगावर आली तर कफन शोधायला नको, म्हणून पाट खणणारे पांढरंच घालतात.

डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा समोर ताडपत्र्यांखाली लांबलचक अस्त्रं ओळीने झोपली होती आणि साहेबाचे बूट घोटाभर पाण्यात होते. अस्त्रांकडे बरातअलीने पाहिलंही नाही. त्याने भिंत पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"भुयार डावीकडे सरकलंय! गावच्या पाटात घुसलात तुम्ही. हे शीरमोहम्मदचं काम. हात ओळखतो मी."

"कोण शीरमोहम्मद?" साहेबाने विचारलं.

"आपला चहावाला, साहेब," मागचा शिपाई म्हणाला.

तेवढ्यात तबक घेऊन तो आलाच. बरातअलीला पाहून त्याने तबक पुढे केलं.

"उस्ताद… साखर?"

"दोन खडे," बरातअली म्हणाला.

आठ दिवस खपून त्याने भोक बुजवलं, पाणी परत पाटाला लावलं. मग एका कागदावर सही केली: आपण इथे आलो नाही, काही पाहिलं नाही, कुणाला पाहिलं नाही.

पाटाला पाणी आलं तसं दुकानात लोकांनी शीरमोहम्मदला गराडा घातला. "तुम्ही आत शब्द टाकलात, दुसरं काय!"

शीरमोहम्मदने चोरून बरातअलीकडे पाहिलं, आणि सवयीने हात छातीवर ठेवला. "सांगता येत नाही."

"आणि उस्ताद, तुम्ही आठ दिवस कुठे गायब?"

बरातअलीनेही छातीवर हात ठेवला. "सांगता येत नाही."

सगळं दुकान हसलं. "मूळव्याध का?"

शीरमोहम्मद उठला. त्याने स्वतः चहा करून पेला उस्तादसमोर ठेवला. शेजारी साखरेचे दोन खडे. बरातअलीने एक दातात धरून घोट घेतला. चहा फक्कड झाला होता. तेवढंसुद्धा त्या मेल्याला जमावं, याने त्याचा जळफळाट झाला.