तिसऱ्या ओळीतलं नाव

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही — बायकोले नाही, देवालेही नाही. तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून जीभ रेटून राहिली, असं समजा.

गजू माहा मावसभाऊ. तो अकोल्याचा, मी अमरावतीचा. लहानपणी दोघांजवळही टीव्हीले जोडायचा व्हिडिओ गेम होता. पण त्याच्या मशीनखाली एक लाल डबडं होतं — त्याच्या काकांनी परदेशातून आणलेलं. मी माह्या मशीनमध्ये कॅसेट खुपसायचो. त्याच्या डबड्यात पिवळी चकती जायची, अन् त्या चकतीवर आपलं नाव लिहून ठेवता यायचं. मशीन बंद केली तरी नाव राहायचं! माह्या कॅसेटवर छापलं होतं हजार गेम, निघाले सातच. जळायचो हो मी. गजूनं हात लावू दिला नसता तर बरं झालं असतं — तो तर म्हणायचा, आधी तू खेळ.

चकतीवर नावाच्या तीन ओळी होत्या. पहिलीत गजूचा मोठा भाऊ, राजूदादा. दुसरीत गजू. तिसरी रिकामी. माहं टाक ना, म्हणून मी दादाच्या मागं लागलो. तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत. पुढच्या सुट्टीआधीच दादा तापानं गेला.

एवढ्यासाठी कोणी तीस वर्षं डूख धरते काय? मी धरला.

दोन दिवाळ्यांआधी गजूनं मले बोलावलं. आमच्या नात्यात अशा जुन्या मशीनी उघडणारा मी एकटाच. डबड्यातला रबरी पट्टा चिकट होऊन तुटला होता, मी नवा घालून दिला. मावशी चष्मा पुसून टीव्हीसमोर येऊन बसली — राजूचं नाव पाहायचं म्हणून. जुना अडाप्टर काही सापडेना. गजूनं वायफायचा काढून आणला. "हा चालते काय बे, सुध्या?"

आता ऐका. या डबड्याचं उलटं असते — पिनेच्या आत मायनस, बाहेर प्लस. वायफायच्या अडाप्टरवर बरोब्बर विरुद्ध चित्र होतं. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. मावशी कशी डोळे लावून बसली तेही पाहिलं — माह्या नावासाठी कोणी असं कधी बसलं होतं? अन् म्हणालो, "लाव ना. काय होते?"

चट् झालं. जळका वास आला. गजू कपाळाले हात लावून बसला — माह्याच हातानं गेलं, म्हणे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हो, ठेवला! मावशी चहा ठेवते म्हणून आत गेली, अन् लवकर बाहेर आलीच नाही.

पाहतो काही होते काय, म्हणून डबडं अन् चकती मी घरी घेऊन आलो. फ्यूज गेला होता. फक्त फ्यूज. तो बदलून डबडं माह्या जुन्या मशीनले जोडलं, दहा मिनिटांत सुरू झालं. दादाचं नाव आलं. गजूचं आलं. तिसरी ओळ तशीच रिकामी.

मी माहं नाव टाकलं.

अन् गजूले कळवलं — त्यात काही उरलं नाही. आता परत देऊ तरी कसं? माहं नाव दिसंल. पुसता येत नाही काय? येते. एका बटनाचं काम आहे. मी पुसत नाही.

परवा मावशीचा फोन आला. "सुध्या बापू, त्या डबड्याचं काही होते काय रे? डोळ्याचं ऑपरेशन झालं माहं. आता बारीकही दिसते."

समोर टीव्हीवर तिन्ही नावं होती. मी म्हणालो, "नाही वो मावशी. जळलं ते."