बचावपटू सुमन फेरहूफ

मैदानावर आलेल्या पालकांची नजर चेंडूमागे धावते, नाहीतर आपापल्या मुलीमागे. गोलच्या जाळीमागे उभ्या असलेल्या त्या माणसाची नजर मात्र यातल्या कशावरच नव्हती. तो सुमनकडे बघत होता. आणि हा काही पहिला रविवार नव्हता.

सुमन फेरहूफ इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका क्लबात मुलींना हॉकी शिकवायची. चाळिशी ओलांडलेली, गुडघ्याची ऑपरेशनं झालेली, आणि एकेकाळी नेदरलँड्सच्या संघातून खेळलेली. कोण कुठे बघतंय आणि कशासाठी, हे ओळखण्यावरच तिची सगळी कारकीर्द उभी राहिली होती.

पुण्याच्या एका अनाथाश्रमातून ती तान्ही असताना नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टला दत्तक गेली. फेरहूफ नवराबायकोने आश्रमाने ठेवलेलं नाव बदललं नाही. डच जिभेवर त्याचं आपोआप ‘स्यूमान’ झालं. गल्लीतल्या सगळ्या मुली हॉकी खेळायच्या, म्हणून तीही खेळू लागली. पहिल्याच कोचने तिला बचावात उभं केलं, कारण ही पोरगी कुणाच्या हुलकावणीला फसत नसे. समोरची खेळाडू डावीकडे बघायची, खांदा डावीकडे झुकवायची, आणि सुमन शांतपणे तिच्या कमरेकडे बघत राहायची. डोळे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही, असं ती म्हणे. त्या एका गुणावर ती विशीतच देशाच्या संघाच्या नारिंगी जर्सीपर्यंत पोचली.

जर्सी आली तसे नातेवाईकही उगवले. एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलनंतर तिचा फोटो सगळीकडे झळकला आणि हॉटेलच्या लॉबीत एक तरुण येऊन म्हणाला, मी तुझा भाऊ. तिने त्याला मिठी मारली. आठवडाभर ती त्याच्याशी बोलत राहिली, लहानपणापासून मनात साठलेलं सगळं त्याला सांगून बसली. पुढच्या महिन्यात ते सगळं एका मासिकात छापून आलं. भाऊ म्हणवणाऱ्याने पुणं कधी बघितलंही नव्हतं. त्यानंतर काही सामने ती अशी खेळली की संघातून नाव गेलं. चिकाटीने ती परत आली, अजून बरीच वर्षं खेळली, पण आपल्या जन्माविषयी कुणी काही विचारलं की उठून जायची. शेवटी गुडघा गेला, हॉकी सुटली, आणि कोचिंगच्या नोकरीसाठी ती इंग्लंडला आली.

तर त्या रविवारी सराव संपल्यावर ती सरळ जाळीमागे गेली.

“तुमची मुलगी कुठल्या टीममध्ये आहे?”

“मला मुलगी नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. पन्नाशीचा असेल. “मी लंडनहून येतो, एजवेअरहून.”

“कशासाठी?”

त्याने टोपी काढली, परत घातली. “माझं नाव पुरुषोत्तम. मला वाटतं, तुम्ही माझी बहीण असाल.”

“इथे लहान मुली खेळतात. पुन्हा दिसलात तर पोलिसांना बोलावीन.”

माफी मागून तो गेला. एक शब्द वाद न घालता गेला, हेच तिला खटकलं. भामट्याने निदान थोडी हुज्जत घातली असती. की हीच नवी चाल?

दोन-तीन दिवसांनी शाल्मलीचा फोन आला. शाल्मली पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, क्लबच्या बायकांच्या टीमची गोलकीपर. सुमनची इथली एकमेव जवळची मैत्रीण. “ते काका मला कार पार्कमध्ये भेटले. मराठीत विचारत होते, मॅडम फार रागावल्या का. मी चौकशी केली गं. हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहेत, ते खरं आहे.”

“लोक तेवढं खरं ठेवतात,” सुमन म्हणाली. “बाकीचं खपावं म्हणून.”

तरी ती भेटायला तयार झाली. क्लबहाउसमध्ये, भर दुपारी, शाल्मलीला शेजारी बसवून.

पुरुषोत्तमने सांगितलं ते थोडक्यात असं. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. आई तेव्हा पोटुशी होती. ती दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आली आणि म्हणाली, बाळ गेलं. गेल्या वर्षी मरताना तिने त्याचा हात धरला आणि सांगितलं, बाळ गेलं नव्हतं. मुलगी होती, पुण्यातल्या आश्रमात ठेवली, परदेशातल्या लोकांनी नेली. नंतर इंटरनेटवर शोधताना पुण्याच्या आश्रमातून दत्तक गेलेल्या सुमनचं नाव त्याला दिसलं, आणि क्लबच्या वेबसाइटवर त्याने तिची मुलाखत बघितली.

“तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहता ना, आई तशीच राहायची.”

“दमलेली प्रत्येक डिफेंडर तशीच उभी राहते.” सुमन पुढे झुकली. “माझ्या पाठीवर जन्मापासून मोठा लाल डाग आहे. तुमच्या आईने सांगितलंच असेल.”

शाल्मलीने चमकून तिच्याकडे बघितलं. चेंजिंग रूममध्ये ती पाठ तिने कितीदा पाहिली होती. डाग वगैरे काही नव्हता.

“नाही. तसं काही आई बोलली नाही,” पुरुषोत्तम हळूच म्हणाला. “मग तुम्ही ती नसालही.”

डीएनए टेस्टला तो लगेच हो म्हणाला. त्या पटकन आलेल्या होकाराचाही तिला संशय आला. दोघांचे नमुने तिने स्वतःच्या हाताने बंद केले, स्वतः पोस्टात टाकले, पाकीट त्याच्या हाती लागू दिलं नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. दोघांचं काहीही नातं नव्हतं.

आपलंच खरं ठरलं, या विचाराने तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, आपण मघापासून फोन हातात धरून स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या आहोत. मेसेज पाठवून चाललं असतं, पण ती गाडी काढून एजवेअरला गेली.

घरात तो एकटाच होता. निकाल त्याने दोनदा वाचला. “बरं झालं, कळलं,” तो म्हणाला. “तुम्हाला उगाच त्रास दिला.” मग चहा करायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता. सुमन उठली नाही, निघूनही गेली नाही.

चहा पिताना त्याने विचारलं, “रविवारी आलो तर चालेल का? बहीण म्हणून नाही. त्या मुलींचा खेळ बघायला आवडायला लागलंय.”

“खरं कारण सांगा.”

“घरात रविवार जात नाही,” तो म्हणाला.

तिने कप खाली ठेवला. “आधी क्लबमध्ये रीतसर नाव द्या. आणि पालकांच्या बाजूला उभं राहायचं, जाळीमागे नाही.”

निघण्याआधी तिने आणखी एक गोष्ट केली. भारतातून दत्तक गेलेली डच मुलं आता आपापली माणसं शोधत होती. त्यांचा एक गट होता, आणि आजवर ती त्यापासून लांबच राहिली होती. तिने पुरुषोत्तमला शेजारी बसवलं आणि फोनवरून त्याचा डीएनए नमुना त्या गटातल्या सगळ्यांशी ताडून बघायला खुला करून दिला.

“आणि तुमचा?” त्याने विचारलं.

“माझा बंदच राहू दे.”

त्याच्या बहिणीचा अजून पत्ता नाही. तो मात्र दर रविवारी मेडनहेडला येतो, पालकांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. नव्याने आलेल्या एका मुलीच्या आईने परवा सुमनला विचारलं, ते गृहस्थ तुमचे कोण.

“कुणी नाही. एजवेअरहून येतात,” सुमन म्हणाली. “माणूस ठीक आहे. अजून तरी.”