नव्या रेक्झिनचा वास

त्या गाडीची मला अजूनही किळस येते. तसली जुनी, गोल दिव्यांची छोटी गाडी रस्त्यात दिसली की लोक थांबून कौतुकाने बघतात. माझ्या मात्र घशाशी येतं. लग्नात कुणी मोगऱ्याचं अत्तर लावायला आलं तर मी हात मागे घेते आणि मंडपाबाहेर जाऊन उभी राहते.

तेव्हा आम्ही बदलापूरला, मांजर्लीत राहायचो. हे अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते. मला दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंकडून रिक्षाने परत येताना. रिक्षामुळे गेलं असं त्या म्हणाल्या नव्हत्या, पण ह्यांच्या डोक्यात तो रस्ता आणि ते खड्डे बसले ते बसलेच. या खेपेला रिक्षात पाय ठेवायचा नाही, गाडी घ्यायची, असं ह्यांनी ठरवून टाकलं. नव्या गाडीची ऐपत नव्हती. जुनीच घेऊ, पण चांगली बघून घेऊ, म्हणाले.

चांगली म्हणजे दिसायला चांगली. लहानपणी कुणा साहेबाच्या दारात बघितलेली तसली गाडी ह्यांच्या मनात होती. खाली मरून रंग, वर सायीचा, बंपर चकचकीत आणि मागच्या काचेला झालरीचा पडदा. उल्हासनगरात जुन्या गाड्या अशा नटवून विकणारा एक दलाल होता. रविवारी हे आणि ह्यांचा कारखान्यातला मित्र तिकडे निघाले. मित्राला गाड्यांतलं कळतं अशी ख्याती होती, जरी स्वतःची स्कूटर त्याला चार किका मारल्याशिवाय कधी सुरू करता आली नाही. मीही येते म्हटलं, तर म्हणे इंजिन बघायचंय, तू येऊन काय करणार.

संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ह्यांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मी कौतुकाने आत बसले. वर मोगऱ्याचं अत्तर होतं, बाटलीभर ओतलेलं. त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. ओल्या पोत्यात सुकट बांधून माळ्यावर विसरावी आणि महिन्याने तिच्यावर फुलं वाहावीत, तसा तो वास. दाराची कडी सापडेपर्यंत उशीर झाला. नव्या गाडीला पहिला अभिषेक माझ्याकडून झाला.

शेजारणी हसल्या. असल्या दिवसांत होतंच असं, म्हणाल्या. ह्यांनीही तेच धरलं. गरोदर बाईला सगळ्याचाच वास येतो, तिच्या नाकाचं काय मनावर घ्यायचं? मित्र तर म्हणाला, वहिनी उगाच नाकाने कांदे सोलतायत.

मला हे फार लागलं, कारण आमच्या घरात चालतं नाक एकच होतं आणि ते माझं. दूध नासलंय का, गॅस गळतोय का, कालचं वरण आज चालेल का, सगळं माझ्या नाकापुढे यायचं. ह्यांना कायमची सर्दी, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं ज्या नाकावर घर जेवलं, ते एका रविवारात खोटं ठरलं.

दोन महिने मी त्या गाडीतून डॉक्टरीणबाईंकडे गेले. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, नाकाशी लिंबाची फोड. वाटेतल्या पालेगावच्या अलीकडेच माझं ओकणं सुरू व्हायचं. पोटातून अशी कळ यायची की आता हेही जातंय, असं वाटून मी दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं तर काटा मागच्या खेपेपेक्षा खाली. जेवत नाहीस का, म्हणून त्या रागावल्या. ज्या जिवासाठी गाडी घेतली, तो त्या गाडीपायीच जाणार अशी मला धास्ती बसली. हे शेजारी बसून शीळ घालत गाडी चालवायचे. मला त्या शिळेचीसुद्धा घाण वाटायला लागली.

एका दुपारी हे रात्रपाळी करून झोपले होते. मी स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि गाडीतलं पायाखालचं मॅटिंग खरवडून उचकटलं. खाली काळा, चिकट गाळ, बोटभर जाड. त्यात भाताचा तूस, गोगलगाईंचे शंख आणि एका बारक्या माशाचा अख्खा काटा. हा गाळ मला शिकवायला नको होता. आदल्या पावसाळ्यात नदी आमच्या घरात आली होती, तेव्हा माझ्या लग्नातल्या ट्रंकेतून मी हाच खरवडून काढला होता. गाडी पुरात बुडालेली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा. हातातलं उलथनं लडबडलेलं तसंच घेऊन मी घरात गेले, ह्यांना हलवून उठवलं आणि ते नाकाखाली धरलं.

“कसला वास येतो, सांगा.”

“मातीचा,” हे म्हणाले. म्हणाले डोळ्यांनी बघून. मला ते दिसलं.

मी उलथनं तसंच धरून ठेवलं. ह्यांनी डोळे मिटले, पुढे झुकून मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला. नाकाच्या शेंड्याला गाळ लागला.

“मला काहीच येत नाही,” हे म्हणाले. “तीन वर्षं झाली. कसलाच नाही.”

मग त्या रविवारचं सगळं बाहेर आलं. दलालाने दार उघडून सांगितलं होतं, “साहब, सीट सूंघ के देखो, नया रेक्झिन है.” आधी मित्राने वाकून हुंगलं आणि मान डोलावली. मग ह्यांनी. परत येताना अंबरनाथच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा मित्राने हळूच विचारलं होतं, खरंच येत होता का रे वास? ह्यांनी हॉर्न वाजवला. प्लान्टमधल्या वाफांनी नाकं मरतात, पण तिथे कुणी तसं बोलत नसे. ज्याला गॅसचा वास येत नाही, त्याला स्टोअरमध्ये बसवतात आणि प्लान्टचा भत्ता जातो. म्हणून सगळेच माना डोलवायचे. माझं नाक खोटं पाडायला दोन मेलेली नाकं एकत्र आली होती.

त्या गाळाची वाटली नसेल इतकी किळस मला त्या डोलावण्याची वाटली. गॅस सुटला तर हा माणूस तिथे मान डोलवत उभा राहणार, आणि हे तीन वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलं. प्लान्ट सोडा म्हणून मी दोन दिवस डोकं फोडलं. बाळंतपण होऊ दे, मग बघू, एवढंच म्हणाले.

दलालाने निम्म्या किमतीत गाडी परत घेतली आणि गाळाचं नाव काढताच पाठ फिरवली. पुढच्या आठवड्यात ती तिथेच उभी होती, नवा पडदा लावून. मी उरलेले महिने रिक्षाने गेले. प्रत्येक खड्ड्याला हे रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. काही झालं नाही.

मुलगी झाली. खोलीत फिनेलचा वास इतका होता की डोळे चुरचुरत होते. ह्यांनी तिला उचललं, तिच्या टाळूला नाक लावलं, मोठा श्वास घेतला आणि मान डोलावली.

“छान वास येतोय,” म्हणाले.

कसला, असं विचारायला माझं तोंड उघडलं होतं.

“दुधाचा,” मीच सांगितलं.