वसंतकाकांची रिव्हॉल्व्हरं

अमेरिकेतल्या बेसमेंटमध्ये सामान साठतं तसे किस्सेही साठतात. टाकून द्यायला कोणाचा जीव होत नाही. नेपरव्हिलच्या वसंतकाकांच्या बेसमेंटचे तर इतके आहेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो!

काका मूळचे नागपूरचे, कान-नाक-घशाचे रिटायर्ड डॉक्टर. छंद मात्र एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन रिव्हॉल्व्हरं जमवायचा! दोन हजार चारच्या सुमाराला मी आणि शेखर शॉमबर्गला एकाच ऑफिसात होतो आणि शनिवारी काकांकडे पडीक असायचो. सुमनकाकू वर पोटभर खायला घालायच्या, पण बेसमेंटची पायरी कधी उतरल्या नाहीत. "ती बंदुकांची खोली तुमची तुम्हाला लखलाभ!"

काकांना हे फार लागायचं. "एकदा तरी तिने खाली येऊन बघावं रे," म्हणायचे.

*

काकांनी एकदा शेखरला जुनं रिव्हॉल्व्हर कसं भरायचं ते समजावलं. फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात आधी दारू ओतायची, मग गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची, की पुढचं घर.

शेखर म्हणाला, "काका, तोवर समोरचा जेवून येईल यार!"

*

गन शोमध्ये काका खिशातून दवाखान्यातला टॉर्च काढून नळीत डोकावायचे. फक्त "आ कर" म्हणायचं बाकी असायचं! एकदा आत गंज दिसला. विकणारा वॉल्टर म्हातारा आशेने बघत होता. काका माझ्या कानात म्हणाले, "घसा गेलाय रे याचा!"

तरी वॉल्टरशी दोस्ती झाली. काकूंच्या लिंबाच्या लोणच्यासाठी तो घरी यायला लागला.

*

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सगळ्या भागांवर एकच नंबर असला, की भाग मूळचे. असं एक मिळालं तेव्हा काका खालून ओरडले, "सुमन, सगळं जुळलं गं!"

वरून उत्तर आलं, "माझी पत्रिका तर उघडूनही बघितली नव्हतीत!"

*

आणि ती खंडेनवमी. वॉल्टर जेवायला येणार होता. काका आणि मी झेंडूची फुलं आणायला गेलो. परत आलो तर वॉल्टर बेसमेंटच्या जिन्यात कठडा धरून उभा, चेहरा पांढराफटक.

खाली काकू! पदर खोचून पाटावर बसलेल्या, पुढ्यात चिंचेचा कोळ. "शस्त्रं घरात असून पूजेला अशी काळी ठेवायची? आमच्या माहेरी नसतं चाललं हो!"

जुन्या पितळेवरचा तो काळपट थर म्हणजे रिव्हॉल्व्हरचं वय. कलेक्टर त्याला फडकंसुद्धा लावत नाहीत. काकूंनी सगळ्यांचं पितळ देवघरातल्या समईसारखं लखलखीत केलं होतं. शेवटचं एकच राहिलं होतं, काकांचं सगळ्यात लाडकं.

"डॉक्टर, स्टॉप हर!" वॉल्टर कळवळून म्हणाला.

काकांनी फुलं खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि काकूंच्या शेजारी मांडी घालून बसले. ते शेवटचं रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतःच उचललं.

"सुमन, चिंच उरलीय ना गं?"