गुलाबी उजेडातले बांगडे

वायरमनमामा कुणाच्या स्वयंपाकघरात दिवा लावायला आले, की शिडीआधी आडाळा, म्हणजे विळी, मागत. खाकी शर्ट आणि झुपकेदार मिशांचा तो माणूस खुशाल आडाळ्यावर बसून नारळ खवल्यासारखे हात हलवी. घरच्या बाईने कंदील घेऊन कधी या वाशाखाली, कधी त्या वाशाखाली उभं राहायचं. "जरा डावीकडे सर गो. अजून हातार सावली पडता." सावली हटली, की त्या जागी खडूची खूण. आमच्या वाडीतल्या बायका पदर तोंडाशी धरून हसत. सर्वांत मोठ्याने मी.

मी तेव्हा नवी सून, सातवी पास, म्हणजे वीज मीच शोधून काढल्याच्या तोऱ्यात. सासूबाई नव्हत्या. हे मुंबईला नोकरीला. घरात सासरे, म्हणजे आबा, आणि मी. आबांनी दोनच दिवे मंजूर केले होते. एक ओटीवर, दुसरा खळ्यात, म्हणजे अंगणात. खळ्यातला मी हट्टाने स्वयंपाकघरात ओढला. आबा एवढंच म्हणाले, "आठ दिवस बघतंय. कायव बिघाडला, तर दिवो खळ्यात." कंदिलाच्या धुरात डोळे चोळत आमटी ढवळायची, की नाही, ते त्या आठ दिवसांवर होतं.

मामांनी चुलीच्या डाव्या अंगाला, वाफेपासून दूर खूण केली आणि पिशवीतून पांढरी, पत्र्याची शेड काढली. मी नाक मुरडलं. यांनी मुंबईहून गुलाबी काचेची, झालर असलेली शेड पाठवली होती ना. "मामा, हीच लावा."

मामांनी ती फिरवून पाहिली. "बरी आसा. आरशाकडे लाव, थंय शोभात. रांदपाच्या उजेडान खोटा बोलता नये."

"तुमका शहरातला काय कळता?" मी म्हटलं. आज आठवलं, की कान तापतात.

मामांनी गुलाबी शेड लावली. पांढरी फळीवर ठेवली. "आसांदे हंय."

दिवा लागला त्या पहिल्याच संध्याकाळी आबांनी मामांना जेवायला थांबवलं. दिवेलागणीला मासेवाली उरलेले बांगडे घेऊन आली. मी ते थेट माझ्या दिव्याखाली नेले, कल्ले उघडून पाहिले. लालबुंद. नाक थोडं कुरकुरलं, पण घरात वीज असताना नाकाचं कोण ऐकतं? सगळे घेतले.

मसाल्याचं वाटप झालं, बांगडे टोपात पडले, आणि मामा होल्डर घट्ट करायला आत आले. टोपाजवळ थबकले. बाजूला ठेवलेलं एक डोकं उचलून त्यांनी खिशातल्या बॅटरीचा झोत कल्ल्यावर टाकला. कल्ला मातीच्या रंगाचा होता.

बाहेर आबांनी पाट सरकवल्याचा आवाज आला. मामांनी मला गप्प राहायची खूण केली, शिडीवर चढले, वाशावरची मूठभर काजळी सरळ टोपात झाडली आणि मोठ्याने ओरडले, "आबा, घात झालो! माझ्या हातान काजळी पडली. बांगडे गेले."

आबा दारात आले. टोपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पयल्याच दिवशी दिव्यान गुण दाखवलो."

"दिव्याचो काय दोष? हात माझो."

आबा पाटाकडे वळले. मग म्हणाले, "सोलकढी आसा मां? वाढ."

जाण्यापूर्वी मामांनी न सांगता गुलाबी शेड उतरवून पांढरी चढवली. मी पुटपुटले, "मामा, उजेडान खोटा बोलता नये ना?"

"उजेडान गो. माणसाक कधीमधी चलता."

दिवा स्वयंपाकघरातच राहिला. नवव्या दिवशी आबांनी चहा पिता पिता विचारलं, "गो, काजळीक वास येता?" मी फुकटच चुलीत फुंकर घालत बसले.

गुलाबी शेड आरशाकडे गेली. तिच्याखाली मी अजून देखणी आहे.

मामा गेल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मी बांगडेच साफ करायला बसले होते. डोळे भरून आले, पण हातावर सावली नव्हती. कल्ला उघडून पाहिला, मातीच्या रंगाचा दिसला, आणि मासेवालीला हाक मारून सगळे परत केले.